संगणकातील घड्याळाची अचूकता : दोषनिदानाची पद्धती आणि महाविद्यालयीन व्यवहार

सारांश

महाविद्यालयातील प्रवेश, परीक्षा, लेखा आणि ग्रंथालय या सर्व विभागांतील नोंदींवर संगणक स्वतःहून दिनांक व वेळ टाकत असतो. ही वेळ बिनचूक असते असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात संगणकाचे घड्याळ अनेक कारणांनी चुकते आणि प्रत्येक कारणाची खूण वेगळी असते. प्रस्तुत लेखात संगणकातील दोन घड्याळांची रचना स्पष्ट केली आहे, चुकीच्या स्वरूपावरून कारणापर्यंत कसे पोहोचावे याची क्रमवार पद्धती मांडली आहे, आणि नांदेड व लातूर परिसरातील महाविद्यालयांच्या दृष्टीने काही शिफारशी केल्या आहेत. लेख संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकांसाठीही आहे. त्यामुळे गणित साध्या अंकगणितापुरतेच ठेवले आहे.

महत्त्वाच्या संज्ञा : रिअल टाइम क्लॉक, सिस्टीम क्लॉक, क्वार्ट्झ क्रिस्टल, सीमॉस बॅटरी, भारतीय प्रमाणवेळ, नेटवर्क टाइम प्रोटोकॉल.

प्रस्तावना

आजच्या युगात संगणकीय नोंद हा पुरावा मानला जातो. कागदावरील नोंदीत खाडाखोड दिसते. संगणकातील नोंद स्वच्छ दिसते, म्हणून तिच्याविषयी शंका घेतली जात नाही. या विश्वासाला तडा देणारा एक प्रसंग प्रस्तुत लेखकाच्या अनुभवातील आहे आणि या लेखाचे निमित्तही तोच आहे.

याच विभागातील एका महाविद्यालयात अंतर्गत प्रात्यक्षिक परीक्षेसाठी दोन विद्यार्थ्यांनी सादर केलेले प्रोग्रॅम जवळजवळ एकसारखे आढळले. कोणी कोणाचे उतरवून घेतले, हे ठरविण्यासाठी दोन्ही फाइलींचे दिनांक पाहण्यात आले. एका संगणकावरील फाइल आदल्या दिवशी दुपारची दिसत होती आणि दुसऱ्या संगणकावरील फाइल दुसऱ्या दिवशी सकाळची. साहजिकच दुसऱ्या विद्यार्थ्याने नक्कल केली असा निष्कर्ष निघाला आणि त्याचे गुण कमी झाले. त्या निर्णयात प्रस्तुत लेखकाचाही सहभाग होता. पुढे काही महिन्यांनी प्रयोगशाळेतील यंत्रांची देखभाल करताना असे लक्षात आले की, पहिल्या संगणकाची बॅटरी क्षीण झाली होती. रोज सायंकाळी प्रयोगशाळेचे मुख्य बटण बंद केले की त्या यंत्राचे घड्याळ थांबत असे आणि सकाळी जेथे थांबले तेथूनच पुढे चालू लागत असे. दोन-तीन रात्रींत ते सहज एक-दीड दिवस मागे पडत होते. प्रयोगशाळेत इंटरनेट नसल्यामुळे ही चूक आपोआप दुरुस्तही होत नव्हती.

यावरून पहिल्या विद्यार्थ्याने नक्कल केली असे सिद्ध होत नाही. मात्र ज्या पुराव्यावर आम्ही निर्णय दिला तो पुरावाच नव्हता, एवढे निश्चित सिद्ध होते. तोपर्यंत निकाल जाहीर होऊन गेला होता. अशा यंत्राचे दोषनिदान अर्ध्या तासात होऊ शकले असते. ते कसे करावे हा या लेखाचा विषय आहे.

उद्दिष्टे

१. संगणक वेळ कशी मोजतो हे सोप्या भाषेत समजावून घेणे.
२. वेळेतील चुकीच्या स्वरूपावरून तिचे कारण ओळखण्याची पद्धती मांडणे.
३. वेळेच्या चुकीचे शैक्षणिक व कायदेशीर परिणाम लक्षात आणून देणे.
४. महाविद्यालयांसाठी कमी खर्चाच्या उपाययोजना सुचविणे.

१. 'बरोबर वेळ' म्हणजे काय?

घड्याळ चूक आहे असे म्हणण्यापूर्वी बरोबर काय, हे ठरले पाहिजे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर आधारलेली आहे. नांदेड सुमारे ७७.३ अंशांवर आणि लातूर सुमारे ७६.६ अंशांवर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. त्यामुळे सूर्याच्या हिशेबाने नांदेडची स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या सरासरी २१ मिनिटे आणि लातूरची सुमारे २४ मिनिटे मागे असते. म्हणजे नांदेड आणि लातूर या दोन शहरांतही सुमारे तीन मिनिटांचा फरक आहे. प्रमाणवेळ ही सोयीसाठी सर्वांनी मान्य केलेली व्यवस्था आहे. भारतात ती १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली. मुंबईत मात्र त्यानंतरही कित्येक दशके, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असणारी 'मुंबई वेळ' वापरात होती.

आज भारतीय प्रमाणवेळ राखण्याची जबाबदारी नवी दिल्ली येथील राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहे. तेथे आण्विक घड्याळे आहेत. १९६७ पासून सेकंदाची व्याख्याच सिझियम-१३३ या अणूच्या प्रारणाच्या ९,१९,२६,३१,७७० आवर्तनांचा काळ अशी केली जाते. तेव्हा आपल्या टेबलावरील संगणक बरोबर आहे की नाही, याचा अंतिम निवाडा भिंतीवरील घड्याळ किंवा शेजारचा संगणक करू शकत नाही. त्यासाठी या प्रमाणाशी थेट किंवा अप्रत्यक्ष जोडलेला संदर्भ हवा.

२. एका संगणकातील दोन घड्याळे

सर्वसाधारण समजूत अशी असते की संगणकात एकच घड्याळ असते. वस्तुतः त्यात दोन घड्याळे असतात, आणि दोषनिदानाची किल्ली याच भेदात आहे.

पहिले घड्याळ मदरबोर्डवरील रिअल टाइम क्लॉक होय. १९८४ मध्ये आलेल्या आयबीएमच्या पीसी-एटी या संगणकापासून ते वैयक्तिक संगणकाचा नियमित भाग झाले. संगणक बंद असतानाही ते चालू राहते. त्याचा आधार म्हणजे ३२,७६८ हर्ट्झ वारंवारतेने कंप पावणारा क्वार्ट्झचा स्फटिक. ३२,७६८ हा आकडा सहज निवडलेला नाही. दोनचा पंधरावा घात म्हणजे ३२,७६८. त्यामुळे ही वारंवारता पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला बरोबर एक ठोका मिळतो. मनगटी क्वार्ट्झ घड्याळातही हाच स्फटिक असतो.

दुसरे घड्याळ सिस्टीम क्लॉक होय. संगणक सुरू होताना ऑपरेटिंग सिस्टीम पहिल्या घड्याळातून वेळ एकदा वाचून घेते. त्यानंतर ती आपली वेळ स्वतः मोजते. जुन्या यंत्रांत यासाठी १.१९३१८२ मेगाहर्ट्झवर चालणारे टायमर परिपथ वापरले जात असे. डॉस प्रणालीत ते सेकंदाला सुमारे १८.२ वेळा प्रक्रियकाला 'एक ठोका झाला' असे कळवीत असे. पुढे अधिक सूक्ष्म टायमर आणि प्रक्रियकाच्या स्वतःच्या आवर्तनांचा मोजक यांचा उपयोग होऊ लागला. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारी वेळ आणि फाइलीवर पडणारा दिनांक, दोन्ही या दुसऱ्या घड्याळाचे असतात.

हा संबंध ग्रामीण उदाहरणाने सांगता येईल. शाळेचा शिपाई सकाळी गावातील घड्याळ पाहून येतो आणि मग दिवसभर मनाशी मोजत तासाची घंटा देतो. घंटा चुकली तर तीन शक्यता उरतात : गावातील घड्याळच चुकले असेल, शिपाई मोजण्यात चुकला असेल, किंवा दुसऱ्या कोणी त्याला मध्येच चुकीची वेळ सांगितली असेल. संगणकाचे निदान याच तीन प्रश्नांनी सुरू होते.

३. किती चूक स्वाभाविक मानावी?

कोणताही स्फटिक पूर्णपणे अचूक नसतो. त्याची चूक दशलक्षांशात मोजतात. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. म्हणून दशलक्षात एक भाग चूक म्हणजे दिवसाला ०.०८६४ सेकंद. साधारण स्फटिकाची सहनमर्यादा दशलक्षात २० भाग धरली, तर दिवसाला सुमारे १.७ सेकंद, महिन्याला सुमारे ५२ सेकंद आणि वर्षाला सुमारे साडेदहा मिनिटे इतका फरक पडू शकतो. एवढी चूक हा दोष नसून त्या वस्तूचा स्वभाव आहे.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. घड्याळे चुकण्यास ही उष्णता जबाबदार असावी असे अनेकांना वाटते. यात तथ्य आहे, पण ते मर्यादित आहे. अशा स्फटिकाची गती साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. तापमान यापेक्षा वाढो वा घटो, गती मंदावतेच. हा मंदपणा तापमानातील फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो आणि त्याचा गुणक सुमारे ०.०३४ दशलक्षांश आहे. मदरबोर्डचे तापमान ४५ अंश झाले तर फरक २० अंश, त्याचा वर्ग ४००, आणि मंदपणा दशलक्षात १३.६ भाग, म्हणजे दिवसाला सुमारे १.२ सेकंद. तापमान ५५ अंश झाले तरी हा मंदपणा दिवसाला सुमारे २.६ सेकंदांपलीकडे जात नाही. तात्पर्य, दिवसाला काही सेकंदांची चूक उष्णतेवर घालता येईल, काही मिनिटांची नाही. दिवसाला मिनिटे चुकत असतील तर कारण अन्यत्र शोधले पाहिजे.

आणखी एक समज दूर करणे आवश्यक आहे. वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झपासून ढळल्यामुळे संगणकाचे घड्याळ चुकते, असे म्हटले जाते. विजेच्या वारंवारतेवर चालणाऱ्या घड्याळांच्या बाबतीत हे खरे आहे. २०१८ च्या आरंभी युरोपातील वीजजाळ्याची वारंवारता किंचित कमी राहिल्यामुळे तेथील अशी घड्याळे सुमारे सहा मिनिटे मागे पडली होती. संगणक मात्र आपल्या स्फटिकावर चालतो, आणि वारंवारतेतील असा फरक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. वीज जाण्याचा परिणाम होतो, पण तो वेगळ्या मार्गाने. तो पुढे पाहू.

४. चुकीचे स्वरूप आणि त्याचा अर्थ

वैद्य रोग्याला 'ताप आहे का' एवढेच विचारत नाही, ताप केव्हा येतो आणि किती चढतो हेही विचारतो. त्याचप्रमाणे संगणकाची वेळ किती, केव्हा आणि कशी चुकते यावरून पुढील पाच प्रकार करता येतात.

(अ) फरक ठरावीक आणि गोल आकड्यांचा आहे. संगणक बरोबर साडेपाच तास पुढे किंवा मागे दिसत असेल, तर यंत्रात बिघाड नाही, मांडणीत चूक आहे. भारतीय प्रमाणवेळ आंतरराष्ट्रीय वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. विंडोज प्रणाली रिअल टाइम क्लॉकमध्ये स्थानिक वेळ आहे असे मानते, तर लिनक्स प्रणालीत तेथे बहुधा आंतरराष्ट्रीय वेळ ठेवली जाते. एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली असतील तर लिनक्स वापरून झाल्यावर विंडोज साडेपाच तास मागे दिसते. नव्याने भरलेल्या विंडोजमध्ये अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा कालविभाग तसाच राहिला, तर फरक साडेतेरा किंवा साडेबारा तासांचा येतो. येथे केवळ घड्याळाचे काटे फिरवून उपयोग नसतो, कालविभाग दुरुस्त करावा लागतो. मिनिटे बरोबर आणि तास चूक, ही या प्रकाराची खूण आहे.

(आ) संगणक चालू असताना वेळ बरोबर राहते, बंद करून सुरू केल्यावर चुकते. हा बॅटरीचा दोष होय. मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची, २० मिलिमीटर व्यासाची, तीन व्होल्टची सीआर-२०३२ ही बॅटरी असते. ती पूर्णपणे संपली की दिनांक कारखान्यातील मूळ दिनांकावर जातो आणि सुरुवातीलाच सीमॉस चेकसम चुकल्याचा संदेश दिसतो. हे कोणाच्याही लक्षात येते. बॅटरी केवळ क्षीण झालेली असेल तर अवस्था अधिक फसवी असते. स्मृती टिकते, पण स्फटिकाचे कंपन थांबते. तेव्हा संगणक जितका वेळ बंद होता, साधारण तितकाच तो मागे पडतो. दिनांक एक-दोन दिवसांनी मागे असल्यामुळे पाहणाऱ्याला शंका येत नाही. प्रस्तावनेतील प्रसंग याच प्रकारचा होता.

येथे वीजपुरवठ्याचा संबंध येतो. आजच्या संगणकाला मुख्य वीज जोडलेली असेल तर तो बंद असतानाही मदरबोर्डला थोडा विद्युतप्रवाह मिळत राहतो आणि बॅटरीवर भार पडत नाही. भिंतीवरील बटण बंद केले किंवा वीज गेली की भार बॅटरीवर येतो. या बॅटरीची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असते. घड्याळ पाच मायक्रोअँपिअर प्रवाह घेते असे धरले, तर ती सतत वापरात सुमारे ४४,००० तास, म्हणजे पाच वर्षे पुरेल. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने दीर्घ भारनियमन सोसले. त्या काळात आणि सुट्ट्यांमध्ये महिनोन्महिने बंद राहिलेल्या प्रयोगशाळांतील यंत्रांच्या बॅटऱ्यांवर असा भार अधिक काळ पडतो. सुरक्षिततेसाठी रोज मुख्य बटण बंद करणे योग्यच आहे. मात्र त्याची किंमत बॅटरी चुकवते, हे ध्यानात ठेवावे.

(इ) संगणक चालू असतानाच वेळ चुकते, पण रिअल टाइम क्लॉक बरोबर आहे. म्हणजे गावातील घड्याळ बरोबर, शिपाई मोजण्यात चुकतो आहे. समजा, संगणक दिवसाला सहा मिनिटे मागे पडतो. सहा मिनिटे म्हणजे ३६० सेकंद. ८६,४०० ला ३६० ने भागले असता २४० येतात. म्हणजे दर २४० ठोक्यांमागे एक ठोका हरवतो आहे. दशलक्षांशात ही चूक ४,००० च्या पुढे जाते आणि चांगल्या स्थितीतील स्फटिकाला ती अशक्य आहे. जुन्या यंत्रांत हार्ड डिस्क मंद पद्धतीने चालत असेल किंवा एखादा सदोष ड्रायव्हर प्रक्रियकाला दीर्घकाळ अडवून ठेवत असेल, तर ठोके हरवत. वीज वाचविण्यासाठी प्रक्रियकाची गती बदलणाऱ्या यंत्रांत, आणि सुरुवातीच्या दुहेरी गाभ्याच्या काही प्रक्रियकांत, आवर्तनांचा मोजक विश्वासार्ह राहत नसे. पुढील पिढ्यांच्या प्रक्रियकांत ही उणीव दूर झाली. येथे बॅटरी बदलून काहीही साधत नाही. बायोस व ड्रायव्हर अद्ययावत करणे किंवा ऑपरेटिंग सिस्टीमला दुसरा टायमर वापरावयास सांगणे हा उपाय आहे.

(ई) दोन्ही घड्याळे चुकतात आणि चूक एकाच गतीने वाढते. रिअल टाइम क्लॉक स्वतःच मंद किंवा जलद आहे. दिवसाला दोन-तीन सेकंदांपर्यंत हे स्वाभाविक मानावे. त्याहून बरेच अधिक असेल तर स्फटिक किंवा त्यालगतचे धारित्र सदोष असण्याचा संभव असतो. तेथे मदरबोर्ड बदलण्यापेक्षा नियमित वेळजुळणी स्वस्त पडते.

(उ) वेळ दुरुस्त केली तरी काही वेळाने ती पुन्हा त्याच चुकीच्या वेळेवर उडी घेते. ही उडी महत्त्वाची आहे. स्फटिक सरकतो, तो उडी घेत नाही. कोणीतरी दुसरा चुकीची वेळ सांगत आहे असा याचा अर्थ होतो. प्रयोगशाळेतील यंत्रे एका सर्व्हरला जोडलेली असतील तर ती त्याच्याकडून वेळ घेतात. सर्व्हर चुकला की चाळीस यंत्रे एकसारखी चुकतात. सर्व यंत्रांची वेळ जुळते म्हणून ती बरोबर, हा युक्तिवाद येथे फसतो.

या पाच प्रकारांबाहेर एक सहावी शक्यता असते : घड्याळ बरोबर, पण त्यावर आधारलेल्या प्रोग्रॅमचे गणित चूक. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी आखाती युद्धात दाहरान येथे पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा शत्रूचे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले. त्या यंत्रणेत सेकंदाचा दहावा भाग द्विमान अंकांत मांडताना अतिसूक्ष्म शेष गाळला जात होता. यंत्रणा सलग १०० तास चालल्यावर ती चूक साठून सुमारे ०.३४ सेकंद झाली. स्फटिक निर्दोष होता, हिशेब सदोष होता.

५. निदानाची क्रमवार पद्धती

वरील प्रकार ओळखण्यासाठी कोणत्याही खर्चिक उपकरणाची गरज नाही. एक वही, एक विश्वासार्ह संदर्भ आणि दोन दिवस पुरेसे आहेत. नेटवर्कवरून वेळ घेणारा मोबाइल फोन सेकंदाच्या पातळीवर संदर्भ म्हणून चालतो.

पहिली पायरी : स्वयंचलित वेळजुळणी बंद करावी आणि नेटवर्कची तार काढावी. अन्यथा जुळणी दोष झाकून टाकते.

दुसरी पायरी : पडद्यावरील वेळ आणि संदर्भ वेळ यांची सेकंदांसह नोंद घ्यावी. मग संगणक पुन्हा सुरू करून बायोसच्या पडद्यावर जावे. तेथे दिसते ती रिअल टाइम क्लॉकची वेळ. तीही नोंदवावी. एक सावधगिरी आवश्यक आहे. वेळ बदलताना किंवा जुळणीच्या वेळी ऑपरेटिंग सिस्टीम आपली वेळ रिअल टाइम क्लॉकमध्ये लिहून ठेवू शकते. म्हणून चाचणीच्या काळात पडद्यावरील वेळेत हातबदल करू नये.

तिसरी पायरी : संगणक बंद करून रात्रभर प्लग काढून ठेवावा. सकाळी थेट बायोसमध्ये जाऊन वेळ पाहावी. येथेच मोठा फरक पडला असेल तर प्रकार (आ). बॅटरी मल्टिमीटरने तपासावी. व्होल्टता २.८ च्या खाली असल्यास संशय धरावा आणि २.५ च्या आसपास असल्यास बॅटरी बदलावी. भार नसताना क्षीण बॅटरीही चांगली व्होल्टता दाखवू शकते. म्हणून मीटरपेक्षा रात्रीच्या चाचणीवर अधिक विश्वास ठेवावा.

चौथी पायरी : संगणक दिवसभर नेहमीच्या कामासह चालू ठेवून सायंकाळी दोन्ही घड्याळे संदर्भाशी ताडून पाहावीत. केवळ पडद्यावरील वेळ चुकली तर प्रकार (इ), दोन्ही सारखीच चुकली तर प्रकार (ई).

पाचवी पायरी : गती काढावी. समजा, सोमवारी सकाळी संगणक २ सेकंद पुढे होता आणि पुढील सोमवारी त्याच वेळी १६ सेकंद पुढे आढळला. सात दिवसांत १४ सेकंद, म्हणजे दिवसाला २ सेकंद, म्हणजेच दशलक्षात सुमारे २३ भाग. हे यंत्र निरोगी आहे. केवळ 'आज १६ सेकंद पुढे आहे' एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही, कारण सुरुवातीला ते किती पुढे होते हे माहीत नसते. दोन नोंदींशिवाय निदान नाही.

सहावी पायरी : नेटवर्क पुन्हा जोडून पाहावे. आता वेळ उडी घेऊन चुकत असेल तर प्रकार (उ).

६. वेळजुळणी : उपयोग आणि मर्यादा

इंटरनेटवरून वेळ जुळविण्यासाठी नेटवर्क टाइम प्रोटोकॉल वापरला जातो. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठातील डेव्हिड मिल्स यांनी तो विकसित केला आणि १९८५ मध्ये त्याचे पहिले विवरण प्रसिद्ध झाले. निरोप पोहोचण्यास वेळ लागत असताना बरोबर वेळ कशी कळते, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर चार नोंदींत आहे. समजा, आपल्या संगणकाने त्याच्या घड्याळाप्रमाणे १० वाजून ०.००० सेकंदांना विचारणा पाठविली. सर्व्हरला ती त्याच्या घड्याळाप्रमाणे ५.१५० सेकंदांना मिळाली आणि त्याने ५.१६० ला उत्तर पाठविले. ते आपल्याकडे ०.३१० ला पोहोचले. जातानाचा फरक ५.१५० आणि येतानाचा ५.१६० वजा ०.३१०, म्हणजे ४.८५०. दोहोंची सरासरी ५.००० सेकंद. आपला संगणक पाच सेकंद मागे आहे. जाण्या-येण्याचा विलंब या सरासरीत परस्पर वजा होतो. मात्र जाण्यास आणि येण्यास सारखाच वेळ लागला हे त्यात गृहीत आहे.

या सोयीच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. एकट्या विंडोज संगणकात नेहमीच्या मांडणीनुसार फरक सुमारे १५ तासांहून अधिक असेल तर स्वयंचलित दुरुस्ती नाकारली जाते. बॅटरी संपून दिनांक कित्येक वर्षे मागे गेलेले यंत्र म्हणूनच आपोआप सुधारत नाही, आणि सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत, कारण त्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रे यंत्राच्या दिनांकानुसार अद्याप वैध झालेली नसतात. प्रवेशअर्जाच्या अखेरच्या दिवशी 'साइट बंद आहे' अशी तक्रार आली तर प्रथम त्या संगणकाचा दिनांक पाहावा. तसेच या प्रोटोकॉलची नेहमीची अंमलबजावणी दशलक्षात ५०० भागांपर्यंतच, म्हणजे दिवसाला सुमारे ४३ सेकंदांपर्यंतचीच गतीची चूक सावरू शकते. त्याहून अधिक चुकणाऱ्या यंत्राचा दोष आधी दूर करावा लागतो.

७. एका सेकंदाचे मोल

सेकंद-दोन सेकंदांनी काय बिघडते, असा प्रश्न सहकारी विचारतात. लातूर जिल्ह्याला या प्रश्नाचे उत्तर वेगळे सांगावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे प्राणास मुकली. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परिसरात तात्पुरती केंद्रे उभारून पश्चात धक्क्यांचा अभ्यास केला. अशा अभ्यासात धक्क्याचे स्थान कसे काढतात? वेगवेगळ्या केंद्रांवर लहरी किती वाजता पोहोचल्या, या वेळांवरून. भूकवचात प्राथमिक लहरींचा वेग सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर असतो. एखाद्या केंद्राचे घड्याळ एका सेकंदाने चुकले तर त्या केंद्रापासूनचे अंतर सहा किलोमीटरनी चुकते. सहा किलोमीटरमध्ये गाव बदलते. या शतकाच्या पहिल्या दशकात नांदेड शहराने सौम्य धक्क्यांची मालिका अनुभवली, आणि १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली परिसरातील धक्का नांदेडपर्यंत जाणवला. आपल्या भागात वेळ अचूक मोजण्याला असा प्रत्यक्ष अर्थ आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही हा विषय गौण नाही. भारतीय साक्ष अधिनियमातील कलम ६५-ब आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ यांनुसार, संगणकीय नोंद पुराव्यात स्वीकारताना संबंधित काळात संगणक व्यवस्थित कार्यरत होता का, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. तसेच भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या, डेटा सेंटर आणि शासकीय संस्था यांनी आपल्या यंत्रणांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळ-सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, जुळविणे अपेक्षित आहे.

८. निष्कर्ष

१. संगणकात दोन स्वतंत्र घड्याळे असतात. दोष कोणत्या घड्याळात आहे हे ठरविल्याशिवाय केलेली दुरुस्ती अंदाजपंचे ठरते.
२. चुकीचे स्वरूप कारण सांगते. गोल फरक म्हणजे मांडणी, बंद असताना पडणारा फरक म्हणजे बॅटरी, चालू असताना पडणारा मोठा फरक म्हणजे हरवलेले ठोके, सावकाश वाढणारा फरक म्हणजे स्फटिक आणि अचानक उडी म्हणजे बाहेरील चुकीचा स्रोत.
३. उष्णतेचा परिणाम दिवसाला काही सेकंदांपुरता असतो. विजेच्या वारंवारतेचा परिणाम होत नाही. वीज दीर्घकाळ बंद राहण्याचा परिणाम बॅटरीमार्फत होतो.
४. फाइलीवरील दिनांक हा त्या यंत्राच्या घड्याळाचा जबाब आहे. घड्याळाची तपासणी झाली नसेल तर तो विद्यार्थ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणे न्याय्य नाही.

९. शिफारशी

१. प्रत्येक प्रयोगशाळेत वेळेची नोंदवही ठेवावी आणि सत्राच्या आरंभी व परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रत्येक यंत्राचा फरक तीत लिहावा.
२. पाच वर्षे झालेल्या यंत्रांच्या बॅटऱ्या लक्षणांची वाट न पाहता बदलाव्यात. दीर्घ सुट्टीनंतर प्रयोगशाळा उघडताना दिनांक प्रथम तपासावा.
३. महाविद्यालयातील एकच सर्व्हर राष्ट्रीय वेळ-सर्व्हरशी जोडावा आणि इतर यंत्रांनी त्याच्याकडून वेळ घ्यावी. त्या सर्व्हरची वेळ मात्र स्वतंत्र संदर्भाशी दरमहा ताडून पाहावी.
४. प्रात्यक्षिक परीक्षेत फाइल स्वीकारताना पर्यवेक्षकाने स्वतःच्या घड्याळाप्रमाणे वेळ लिहून विद्यार्थ्याची स्वाक्षरी घ्यावी.
५. नक्कल किंवा विलंब यांविषयीच्या चौकशीत संगणकीय वेळ विचारात घ्यावयाची असल्यास, संबंधित सर्व यंत्रांची रात्रीची चाचणी करून तिचा अहवाल कागदपत्रांस जोडावा आणि तो अहवाल विद्यार्थ्यास पाहावयास द्यावा.

यांपैकी कोणत्याही शिफारशीस मोठा निधी लागत नाही. प्रस्तावनेतील विद्यार्थ्याच्या बाबतीत आमच्याकडे साधनांची वाण नव्हती. आमच्यापैकी कोणीही घड्याळ बरोबर आहे का, असे विचारले नाही. पुढील चौकशीत हा प्रश्न सर्वप्रथम विचारला गेला, तर या लेखाचे प्रयोजन सफल झाले असे समजण्यास हरकत नाही.